उबुंटूवरून फेडोराकडे जाताना: ओळखीच्या नावांमागचे फरक

उबुंटू आणि फेडोरा ही दोन्ही लिनक्सची वितरणे, म्हणजे डिस्ट्रो. उबुंटू बराच काळ वापरलेला माणूस फेडोरा बसवतो तेव्हा पहिल्या दिवशी त्याला फारसे काही वेगळे जाणवत नाही. लिनक्स कर्नल तेच असते, सेवा सांभाळणारी सिस्टिमडी तीच असते, टर्मिनलमध्ये बॅश असते आणि समोर ग्नोम डेस्कटॉप असतो. अडचणी पुढे येतात: पॅकेज बसवलेले असूनही सेवा चालू नसते, फाइल जागेवर असूनही वेब सर्व्हरला ती वाचता येत नाही, आणि काल केलेली फायरवॉलची नोंद आज नाहीशी झालेली असते. पॅकेजेस बसवणाऱ्या ‘एपीटी’ या साधनाच्या जागी ‘डीएनएफ’ लिहायचे, हे कोणीही तासाभरात शिकतो. दोन्हीकडे जे सारखेच दिसते परंतु वागते वेगळे, त्यात खरा वेळ जातो, आणि म्हणून या लेखाचा भर अशा गोष्टींवरच आहे. कमांड येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन अक्षरांत टंकायच्या आहेत.

उबुंटू पुसण्यापूर्वी

स्थलांतराचे निम्मे काम जुन्या यंत्रणेवरच करायचे असते. ‘एपीटी-मार्क शोमॅन्युअल’ ही कमांड स्वतःहून बसवलेल्या पॅकेजेसची यादी देते. तिच्यात उबुंटूच्या इन्स्टॉलरने टाकलेली काही नावेही येतात, त्यामुळे ती डोळ्यांखालून घालून खरोखर लागणारी तेवढीच ठेवावीत. ‘स्नॅप लिस्ट’ आणि ‘फ्लॅटपॅक लिस्ट’ (एपीटीबाहेरून अॅप बसवण्याचे दोन मार्ग) यांचे निकाल त्याच फाइलमध्ये जोडावेत. ‘क्रॉनटॅब -एल’चा निकाल, एसएसएच व जीपीजीच्या किल्ल्या, आणि ‘ईटीसी’ डिरेक्टरीत आपण हाताने बदललेल्या फाइली वेगळ्या काढून ठेवाव्यात. संपूर्ण ‘ईटीसी’ची प्रत संदर्भासाठी जवळ असायला हरकत नाही, परंतु ती फेडोरावर जशीच्या तशी ओतणे म्हणजे संकटाला आमंत्रण देणे होय, कारण दोन्हीकडच्या यंत्रणा-वापरकर्त्यांचे क्रमांकसुद्धा जुळत नाहीत: उबुंटूवर वेब सर्व्हर ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ या नावाने आणि ३३ या क्रमांकाने चालतो, तर फेडोरावर ‘अपाचे’ या नावाने आणि ४८ या क्रमांकाने.

डेटाबेस असल्यास त्याची डेटा डिरेक्टरी उचलून नेऊ नये. पोस्टग्रेसक्यूएलसाठी ‘पीजी_डम्पऑल’ आणि मारियाडीबी किंवा मायएसक्यूएलसाठी त्यांची डम्प कमांड वापरून मजकुराच्या रूपात प्रत घ्यावी, कारण दोन डिस्ट्रोंवरील आवृत्त्या सहसा वेगळ्या असतात आणि डिस्कवरील रचना आवृत्तीगणिक बदलते. ही प्रत खरोखर परत भरता येते की नाही, हे जुने यंत्र हाताशी असतानाच तपासून घ्यावे.

पॅकेजेस: सारखा शब्द, वेगळे काम

उबुंटूवर ‘एपीटी अपडेट’ केवळ पॅकेजेसची यादी ताजी करते आणि प्रत्यक्ष अद्ययावतीकरण ‘एपीटी अपग्रेड’ करते. फेडोरावर ‘डीएनएफ अपडेट’ हे ‘डीएनएफ अपग्रेड’चेच दुसरे नाव आहे, आणि यादी जुनी झाली असेल तर डीएनएफ ती आपोआप ताजी करतो. परिणामी सवयीने ‘आधी नुसती यादी ताजी करू’ म्हणून ही कमांड दिली, तर ती सगळी पॅकेजेस बदलण्याची परवानगी मागू लागते. काय काय नवे आले आहे एवढेच पाहायचे असेल तर ‘डीएनएफ चेक-अपग्रेड’ द्यावे. फेडोरा ४१ पासून, म्हणजे २०२४ पासून, डीएनएफची पाचवी पिढी मूळ साधन म्हणून येते. इंटरनेटवरील जुन्या लेखांतील काही पर्याय तिथे चालत नाहीत, एवढे लक्षात असू द्यावे.

पॅकेजेसच्या नावांत एक ढोबळ नियम कामी येतो. प्रोग्राम संकलित करण्यासाठी लागणाऱ्या फाइलींच्या पॅकेजला उबुंटूवर शेवटी ‘-डेव्ह’ असते, फेडोरावर ‘-डेव्हेल’. मात्र सुरुवातीचा भागही बदलू शकतो: ‘लिबएसएसएल-डेव्ह’चे ‘ओपनएसएसएल-डेव्हेल’ होते, ‘अपाचे२’चे ‘एचटीटीपीडी’ होते, आणि ‘बिल्ड-इसेन्शियल’ हे एकच पॅकेज मिळत नाही, त्याऐवजी ‘डीएनएफ ग्रुप इन्स्टॉल’ने ‘डेव्हलपमेंट-टूल्स’ आणि ‘सी-डेव्हलपमेंट’ हे गट बसवावे लागतात. नावे पाठ करण्यापेक्षा ‘डीएनएफ प्रोव्हाइड्स’ची सवय लावणे अधिक उपयोगी आहे. एखादी फाइल किंवा कमांड कोणत्या पॅकेजात आहे हे ती सांगते. उबुंटूवर याच कामासाठी ‘एपीटी-फाइल’ वेगळे बसवावे लागते.

‘एपीटी पर्ज’ला डीएनएफमध्ये समांतर कमांड नाही. ‘डीएनएफ रिमूव्ह’ केल्यावर आपण बदललेली संरचना-फाइल ‘आरपीएमसेव्ह’ हे शेपूट लावून मागे ठेवली जाते. अद्ययावत करतानाही असाच फरक पडतो: उबुंटू मध्येच थांबून ‘तुमची फाइल ठेवू की नवी घेऊ’ असे विचारतो, फेडोरा काही न विचारता सहसा आपली फाइल तशीच ठेवतो आणि नवी फाइल ‘आरपीएमन्यू’ या शेपटासह शेजारी ठेवून देतो. विचारणा होत नाही म्हणून काही बदलले नाही, असा समज करून घेऊ नये; मोठ्या अद्ययावतीकरणानंतर ‘ईटीसी’त या दोन शेपटांच्या फाइली शोधाव्यात. याची भरपाई म्हणावी असे एक साधन मात्र फेडोराकडे आहे. ‘डीएनएफ हिस्टरी’ प्रत्येक व्यवहाराची क्रमांकासह नोंद ठेवते आणि ‘डीएनएफ हिस्टरी अनडू’ला तो क्रमांक दिला की, जुनी पॅकेजेस भांडारात (रिपॉझिटरीत) उपलब्ध असतील तोवर, तो व्यवहार उलटवता येतो. माझ्या मते उबुंटूवरून आलेल्यांनी सर्वांत आधी शिकावी अशी ही कमांड आहे.

आणखी एक बाब शांतपणे बदललेली असते. उबुंटूच्या डेस्कटॉपवर सुरक्षेची अद्ययावतीकरणे पार्श्वभूमीवर आपोआप बसत असतात. फेडोरा वर्कस्टेशन ती उतरवून ठेवतो आणि पुन्हा सुरू करताना बसवण्याची परवानगी मागतो. संगणक आठवडेच्या आठवडे बंद न करणाऱ्यांनी हे विशेष जपावे.

सेवा आपोआप सुरू होत नाही

डेबियन आणि त्यावर बेतलेल्या उबुंटूचा रिवाज असा की सेवेचे पॅकेज बसवले की सेवा लगेच सुरू होते आणि पुढच्या वेळीही आपोआप सुरू होण्यासाठी नोंदवली जाते. फेडोराचा रिवाज बहुतांशी याच्या उलट आहे. संरचना तपासून मालकाने स्वतः सुरू करेपर्यंत सेवा थांबलेली राहते. म्हणून पॅकेज बसवल्यावर ‘सिस्टिमसीटीएल एनेबल --नाऊ’ आणि सेवेचे नाव, एवढे करावेच लागते. सेवांची नावेही थोडी वेगळी आहेत: एसएसएचची सेवा ‘एसएसएचडी’, क्रॉनची ‘क्रॉनडी’, अपाचेची ‘एचटीटीपीडी’. पोस्टग्रेसक्यूएलच्या बाबतीत आणखी एक पायरी आहे. उबुंटू पॅकेज बसवतानाच डेटाबेसचा साठा तयार करतो, फेडोरावर आधी ‘पोस्टग्रेसक्यूएल-सेटअप --इनिटडीबी’ द्यावे लागते, त्याशिवाय सेवा सुरूच होत नाही.

अपाचेच्या ‘साइट्स-अव्हेलेबल’ व ‘साइट्स-एनेबल्ड’ या डिरेक्टरी आणि ‘ए२एनसाइट’ ही कमांड डेबियनची स्वतःची सोय आहे. फेडोरावर साइटची फाइल थेट ‘एचटीटीपीडी’च्या ‘कॉन्फ.डी’मध्ये ठेवावी. नोंदी पाहण्यासाठी ‘सिसलॉग’ किंवा ‘ऑथ.लॉग’ शोधू नयेत. फेडोरा वर्कस्टेशनवर त्या फाइली नसतात आणि सर्व काही ‘जर्नलसीटीएल’मध्ये मिळते. प्रशासकीय अधिकार देणारा गट उबुंटूवर ‘सुडो’ या नावाचा असतो, फेडोरावर ‘व्हील’ या नावाचा.

फायरवॉल आणि एसईलिनक्स

उबुंटूवर ‘यूएफडब्ल्यू’ ही फायरवॉल असते पण मुळात बंद असते. फेडोरावर ‘फायरवॉलडी’ पहिल्यापासून चालू असते आणि तिचे नियम चकवणारे वाटू शकतात. फेडोरा वर्कस्टेशनचा मूळ झोन १०२५ ते ६५५३५ ही पोर्टे उघडी ठेवतो, खालची बहुतेक बंद ठेवतो. त्यामुळे ८००० पोर्टवर चालवलेला चाचणीचा सर्व्हर शेजारच्या संगणकावरून व्यवस्थित दिसतो, पण तोच मजकूर अपाचेवर ८० पोर्टवर ठेवला की दिसेनासा होतो, आणि माणूस अपाचेची संरचना उलटसुलट करत बसतो. उपाय ‘फायरवॉल-सीएमडी --परमनंट --अॅड-सर्व्हिस=एचटीटीपी’ आणि त्यामागोमाग ‘फायरवॉल-सीएमडी --रीलोड’ हा आहे. या दोन्ही कमांड जोडीनेच द्याव्यात. ‘परमनंट’ वगळले तर नियम लगेच लागू होतो पण पुन्हा सुरू केल्यावर जातो. ‘रीलोड’ वगळले तर नियम लिहिला जातो पण लागू होत नाही.

सर्वांत मोठा बदल एसईलिनक्सचा, म्हणजे कोणत्या प्रोग्रामने कशाला हात लावायचा यावर पहारा ठेवणाऱ्या सुरक्षा-यंत्रणेचा आहे. उबुंटूवरील अॅपआर्मर फाइलीचा मार्ग पाहून ठरावीक प्रोग्रामना आवर घालतो आणि सामान्य वापरात त्याची जाणीवही होत नाही. एसईलिनक्स प्रत्येक फाइलला, प्रक्रियेला आणि पोर्टला एक लेबल लावतो, आणि कोणत्या लेबलच्या प्रक्रियेने कोणत्या लेबलच्या फाइलीला हात लावायचा हे धोरणाने ठरते. ‘एलएस -एल’मध्ये परवानग्या निर्दोष दिसत असूनही प्रवेश नाकारला जातो, तेव्हा ‘एलएस -झेड’ (कॅपिटल झेड) देऊन लेबल पाहावे.

सर्वाधिक भेटणारा प्रसंग असा: वेब पाने घरच्या डिरेक्टरीत तयार केली आणि ‘एमव्ही’ने ‘व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू/एचटीएमएल’मध्ये हलवली. ‘एमव्ही’ लेबल बरोबर घेऊन जाते, म्हणून त्या फाइली नव्या जागीही ‘घरच्या’च राहतात आणि अपाचेला त्या वाचू दिल्या जात नाहीत. ‘सीपी’ने प्रत केली असती तर नव्या डिरेक्टरीचे लेबल लागले असते. ‘रिस्टोरकॉन -आरव्ही’ला ती डिरेक्टरी दिली की लेबले धोरणाप्रमाणे पूर्ववत होतात. साइट एखाद्या स्वतंत्र, मनाने निर्माण केलेल्या डिरेक्टरीत ठेवायची असेल तर आधी ‘सीमॅनेज एफकॉन्टेक्स्ट’ने त्या मार्गासाठी ‘एचटीटीपीडी_सिस_कंटेंट_टी’ हे लेबल नोंदवावे आणि मग ‘रिस्टोरकॉन’ चालवावे. ‘सीएचकॉन’नेही लेबल बदलते, परंतु ते धोरणात नोंदले जात नसल्यामुळे पुढच्या संपूर्ण पुनर्लेबलनात पुसले जाते; तात्पुरत्या चाचणीपलीकडे ते वापरू नये.

दुसरा प्रसंग एन्जिनएक्स या वेब सर्व्हरला पुढे ठेवून मागे ३००० सारख्या पोर्टवर स्वतःचे अॅप चालवणाऱ्यांचा. उबुंटूवरची संरचना तशीच आणली की ५०२ ही चूक दिसते, कारण वेब सर्व्हरने स्वतः होऊन जाळ्यावर जोडणी करणे एसईलिनक्सला मुळात मान्य नसते. ‘सेटसीबूल -पी’ (कॅपिटल पी) देऊन ‘एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट’ चालू करणे एवढाच उपाय आहे. एसएसएचचे पोर्ट बदलून २२२२ केले असेल तर तेही ‘सीमॅनेज पोर्ट’ने कळवावे लागते, अन्यथा सेवा सुरू होण्यास नकार देते. कंटेनर चालवणाऱ्या पॉडमॅन किंवा डॉकरमध्ये बाहेरची डिरेक्टरी जोडताना शेवटी विसर्गचिन्हासारखे दोन टिंब आणि झेड लिहावे: लहान झेड अनेक कंटेनरांनी मिळून वापरायच्या डिरेक्टरीसाठी, मोठा झेड एकट्याच्या डिरेक्टरीसाठी. आपली संपूर्ण होम डिरेक्टरी मोठ्या झेडने कधीही जोडू नये, कारण तीतील प्रत्येक फाइलचे लेबल बदलते.

अशा वेळी ‘सेटएनफोर्स ०’ देऊन एसईलिनक्स ढिला करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. दोष एसईलिनक्सचाच आहे का, हे ठरवण्यापुरता तो दोन मिनिटांसाठी योग्य आहे; काम चालू झाले तर दोष कळला, मग ‘सेटएनफोर्स १’ देऊन ‘ऑसर्च -एम एव्हीसी’मध्ये नेमका नकार वाचावा आणि वरीलपैकी योग्य उपाय करावा. तो कायमचा बंद करण्याची किंमत नंतर मोजावी लागते, कारण बंद असताना तयार झालेल्या फाइलींना लेबलच लागत नाही आणि पुन्हा चालू करताना संपूर्ण डिस्कचे पुनर्लेबलन करावे लागते.

जुनी होम डिरेक्टरी

वेगळ्या पार्टिशनवर ‘होम’ असलेल्यांना ते न पुसता फेडोराला जोडता येते. दोन्हीकडे पहिल्या वापरकर्त्याचा क्रमांक १००० असल्यामुळे मालकीही सहसा जुळते. तरीही उबुंटूने लिहिलेल्या फाइलींना एसईलिनक्सची लेबले नसतात, म्हणून पहिल्याच दिवशी प्रशासक म्हणून ‘रिस्टोरकॉन -आर’ (कॅपिटल आर) ‘/होम’वर चालवावे. याहून स्वच्छ मार्ग असा की जुन्या डिरेक्टरीचे नाव बदलून ती बाजूला ठेवावी, नवी डिरेक्टरी फेडोराला तयार करू द्यावी आणि लागेल ते निवडून आणावे. ग्नोमच्या सेटिंग्ज ‘डीकॉन्फ’च्या एकाच बायनरी फाइलीत असतात आणि तिच्यात उबुंटूच्या विस्तारांच्या नोंदीही असतात, ती उचलून आणू नये. पायथनची आभासी पर्यावरणे आवृत्ती बदलताच मोडतात, तेव्हा ती नव्यानेच उभारावीत.

फायरफॉक्सचे बुकमार्क सापडत नाहीत, ही तक्रार अनेकांची असते. उबुंटूवर २२.०४ पासून फायरफॉक्स स्नॅपच्या रूपात येतो आणि त्याचे प्रोफाइल होममधील ‘स्नॅप’ डिरेक्टरीत असते, फेडोराच्या फायरफॉक्सचे मात्र दुसरीकडे. मार्ग अंदाजाने शोधण्यापेक्षा दोन्हीकडे पत्त्याच्या पट्टीत ‘अबाउट:प्रोफाइल्स’ लिहावे, तेथे दाखवलेली मूळ डिरेक्टरी नोंदवावी, फायरफॉक्स बंद करावा आणि मग आतील फाइली हलवाव्यात. फेडोरावर स्नॅपऐवजी फ्लॅटपॅक वापरले जाते, आणि पीपीएची, म्हणजे इतरांनी चालवलेल्या भांडारांची, जागा ‘कॉपर’ घेते. दोहोंबाबत सावधगिरी तीच, म्हणजे पॅकेज कोण बांधतो हे पाहूनच भांडार जोडावे.

व्हिडिओ आणि एनव्हिडिया

पेटंटच्या कारणामुळे फेडोराच्या स्वतःच्या भांडारात काही कोडेक (ध्वनी-चित्रफिती उलगडणारी साधने) नसतात, आणि २०२२ मध्ये एच२६४ व एच२६५ यांचे ग्राफिक्स कार्डाद्वारे होणारे विसंकेतनही मेसा या ग्राफिक्स ड्रायव्हरांच्या पॅकेजांतून काढण्यात आले. कोडेकांसाठी ‘आरपीएम फ्यूजन’ या बाहेरच्या प्रकल्पाची ‘फ्री’ व ‘नॉनफ्री’ ही भांडारे जोडून ‘डीएनएफ स्वॅप’ने ‘एफएफएमपेग-फ्री’च्या जागी पूर्ण ‘एफएफएमपेग’ बसवावे. एनव्हिडियाचा ड्रायव्हर त्याच भांडारात ‘एकेमॉड-एनव्हिडिया’ या नावाने मिळतो. तो प्रत्येक नव्या कर्नलसाठी संगणकावरच संकलित होतो, त्यामुळे कर्नल अद्ययावत झाल्याबरोबर घाईने पुन्हा सुरू करू नये. ‘मॉडइन्फो -एफ व्हर्जन एनव्हिडिया’ आवृत्ती दाखवू लागेपर्यंत काही मिनिटे थांबावे. सिक्युअर बूट चालू असेल तर ‘मोकयुटिल’ने किल्ली नोंदवणेही आले.

डेस्कटॉप आणि मराठी

उबुंटूची डावीकडची पट्टी, ट्रेमधील चिन्हे आणि डेस्कटॉपवरील फाइली हे सगळे उबुंटूने ग्नोमवर चढवलेले विस्तार आहेत. फेडोरा ग्नोम जवळपास मुळातला तसा देतो, लहान-मोठे करण्याची बटणेसुद्धा दाखवत नाही. बटणे ‘ट्वीक्स’मधून आणता येतात आणि पट्टी ‘डॅश टू डॉक’ या विस्ताराने, परंतु आठवडाभर विस्तारांशिवाय काढून पाहावा असे सुचवावेसे वाटते, कारण ग्नोमची आवृत्ती बदलली की विस्तारच आधी मोडतात.

मराठीसाठी ‘लँगपॅक्स-एमआर’ हे पॅकेज बसवावे आणि सेटिंग्जमधील कीबोर्ड विभागात इनपुट स्रोत म्हणून मराठी निवडावे. इन्स्क्रिप्टचे एकापेक्षा अधिक प्रकार यादीत दिसतात. उबुंटूवर आपण कोणता वापरत होतो त्याचे पूर्ण नाव आधी टिपून ठेवले नाही, तर जोडाक्षरे व विरामचिन्हे यांच्या कळा बदललेल्या आढळतात. ‘लोहित’ फॉन्टमालिका, जिच्यावर रेड हॅटच्या पुण्यातील अभियंत्यांनी बरेच काम केले, दोन्हीकडे मिळते, पण पॅकेजचे नाव उबुंटूवर ‘फॉन्ट्स-लोहित-देवा’ तर फेडोरावर ‘लोहित-देवनागरी-फॉन्ट्स’ असे आहे. गार्गी, नकुल, सहदेव असे फॉन्ट वापरलेले लिब्रेऑफिसचे जुने दस्तऐवज असतील तर ते फॉन्ट आधी आणावेत, नाहीतर पर्यायी फॉन्ट लागून पानांची मांडणी सरकते. फॉन्टच्या फाइली होममधील ‘.लोकल/शेअर/फॉन्ट्स’मध्ये ठेवून ‘एफसी-कॅशे’ चालवले की पुरते.

बूट, स्क्रिप्ट आणि आवृत्त्यांचा वेग

संगणक सुरू करणाऱ्या ग्रबचा मेनू घडवणारी ‘अपडेट-ग्रब’ ही कमांड फेडोरावर नाही. कर्नलला एखादा पर्याय द्यायचा असेल तर ‘ग्रबी --अपडेट-कर्नल=ऑल’ वापरावे, आणि मेनू पुन्हा घडवायचाच असेल तर ‘ग्रब२-एमकेकॉन्फिग’चा निकाल ‘बूट/ग्रब२’मधील फाइलीतच लिहावा. जुन्या लेखांत ईएफआय डिरेक्टरीतील फाइलीवर लिहायला सांगितलेले असते. फेडोरा ३४ पासून ती केवळ वाट दाखवणारी छोटी फाइल आहे आणि तिच्यावर लिहू नये. ‘अपडेट-इनिटरॅमएफएस’ची जागा ‘ड्रेकट -एफ’ घेते.

आपल्या स्क्रिप्ट उबुंटूकडून फेडोराकडे विनासायास येतात, परतीचा प्रवास मात्र तितका सुखाचा नसतो. उबुंटूवर ‘एसएच’ म्हणजे डॅश, फेडोरावर बॅश. फेडोरावर ‘एसएच’च्या स्क्रिप्टमध्ये नकळत बॅशची खास रचना लिहिली तरी ती चालते, आणि तीच स्क्रिप्ट उबुंटूच्या सर्व्हरवर गेली की अडखळते. असे सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी पहिल्या ओळीत बॅश स्पष्ट लिहावे किंवा ‘डॅश’ बसवून त्यात स्क्रिप्ट तपासावी. तसेच फेडोरावर ‘/टीएमपी’ मेमरीत असते. कित्येक गिगाबाइटांच्या तात्पुरत्या फाइली ‘/व्हार/टीएमपी’मध्ये ठेवाव्यात.

उबुंटूची दीर्घकालीन आवृत्ती दर दोन वर्षांनी येते आणि तिला पाच वर्षे मूळ आधार मिळतो. फेडोरा साधारण दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती काढतो आणि प्रत्येकीला सुमारे १३ महिने सांभाळतो, म्हणजे एक आवृत्ती सोडून पुढची घेण्याची मुभा असते, त्याहून अधिक नाही. कर्नल तर एकाच आवृत्तीच्या आयुष्यातही वरच्या क्रमांकाकडे सरकत राहतो. शेवटचे तीन जपून ठेवले जातात, आणि नव्या कर्नलवर वायफाय किंवा ध्वनी बिघडला तर सुरू होताना ग्रबच्या मेनूतून आधीचा निवडता येतो. मेनू लपलेला असल्यास सुरू होताना एस्केप किंवा एफ८ दाबून पाहावे. मोठी झेप घेताना आधी ‘डीएनएफ अपग्रेड --रिफ्रेश’ करून पुन्हा सुरू करावे, मग ‘डीएनएफ सिस्टिम-अपग्रेड डाउनलोड’ला नव्या आवृत्तीचा क्रमांक द्यावा. आरपीएम फ्यूजन किंवा कॉपरमधील एखादे पॅकेज नव्या आवृत्तीसाठी तयार नसेल तर ते या टप्प्यावरच कळते, आणि तेव्हा ‘--अलाऊइरेझिंग’ घाईने जोडण्यापेक्षा काय काय काढले जाणार आहे ती यादी वाचावी किंवा सरळ दोन आठवडे थांबावे. जुन्या आवृत्तीचा आधार नवी आल्याबरोबर संपत नाही, त्यामुळे तेवढा वेळ हाताशी असतो.